जुनी गाडी अजून पाच वर्षं रेटायची आहे, नेमकं काय काय करायचं?

गोरेगाव_पूर्व

मंडळी, मदत हवीये. गाडी वॅगन आर, जानेवारी २०१०, पेट्रोल, पहिल्यापासून माझ्याकडेच. यंदा जानेवारीत पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून आरटीओत नेऊन परत पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, नवी नंबर प्लेट बसवली, आता आरसी २०३० पर्यंत आहे. रनिंग फक्त ७० हजारच्या आसपास, कारण ऑफिस लोकलने, गाडी निघते ती सुट्टीच्या दिवशी, आईला डॉक्टरकडे न्यायला आणि गणपतीत नातेवाईकांकडे.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. बायको आणि मेहुणा म्हणतात सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, हीच वेळ आहे, काढून टाक. माझं म्हणणं, गाडीला काही झालेलंच नाही तर काढायची कशाला. पण गेल्या आठवड्यात सर्व्हिसला दिली (नाव नको, मोठं सेंटर आहे) तर हातात एस्टिमेट ठेवलं, त्यात इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग, आणि आकडा अठरा हजार. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, "साब कुछ मत करो, इंजन मक्खन है." दोघांपैकी एक जण नक्की फेकतोय.

गाडी पाच वर्षं बिनघोर चालावी म्हणून कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही? मुंबईच्या हिशोबाने सांगा.

उगाच_एक

दिवाळीचा उरलेला चिवडा घेऊन बसलोय. चालू द्या.

खड्डेशास्त्री

आधी आरसीवर इंजिन किती सीसी लिहिलंय ते बघून सांगा. २०१० साली वॅगन आरची दोन इंजिनं होती. एप्रिलमध्ये ९९८ सीसीचं के सिरीज आलं, त्याला टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी). त्याआधीचं १०६१ सीसी, त्याला तेच काम करणारा रबरी टायमिंग बेल्ट. जानेवारीची म्हणजे बहुतेक बेल्टवालीच. कधी बदललाय?

गोरेगाव_पूर्व

१०६१ लिहिलंय. बेल्टचं बघावं लागेल, बिलं सगळी फाइलला आहेत पण फाइल माळ्यावर आहे.

खड्डेशास्त्री

माळ्यावर चढा. बिल नाही सापडलं तर बदललेला नाही असंच धरा. लोक म्हणतात रनिंग कमी आहे, बेल्टला काय होतंय, पण ते रबर आहे, वर्षांनीही म्हातारं होतं, बॉनेटखालच्या उष्णतेत तर जास्तच. फॅन बेल्ट सुटायच्या आधी करकर करतो, टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. तुटला की गाडी जागच्या जागी बंद, आणि बऱ्याच इंजिनांत वर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून हेडचं काम निघतं ते वेगळंच. बदलाल तेव्हा टेन्शनर बेअरिंग सोबत बदला, क्रँक आणि कॅमचे ऑइल सील बघून घ्या, वॉटर पंप गळतोय का तेही बघा. तो भाग एकदा उघडला की मजुरी तीच असते.

मुलुंडची_मी

आमच्या २००८ च्या सँट्रोला पण बेल्टच का हो?

खड्डेशास्त्री

हो ताई, बेल्टच.

मुलुंडची_मी

अरे देवा.

सव्वाआठची_लोकल

मुंबईच्या हिशोबाने म्हणालात म्हणून सांगतो, इथे किलोमीटरवर जाऊच नका. हायवेला ६० च्या सरासरीने १०,००० किमी म्हणजे इंजिन १६६ तास चाललं. अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर १५ च्या सरासरीने तेच १०,००० किमी म्हणजे ६६६ तास. मीटरवर आकडा तोच, इंजिन मात्र चौपट वेळ फिरलंय, त्यातही निम्मा वेळ उभ्या गाडीत एसी चालू ठेवून, समोरून वारा नाही. म्हणून मी ऑइल आणि ऑइल फिल्टर ५,००० लाच बदलतो, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

पुणेरी_पाहुणा

पुस्तक लिहिणारे इंजिनिअर मूर्ख असतात असं आपलं म्हणणं दिसतंय. कंपनी १०,००० किंवा एक वर्ष म्हणते ते काहीतरी चाचण्या करूनच ना? पाच हजाराला ऑइल बदलणं म्हणजे ऑइल कंपन्यांना देणगी.

सव्वाआठची_लोकल

पाहुणे, त्याच पुस्तकात पुढे खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं. वारंवार थांबत चालणं, छोटे छोटे पल्ले, धूळ. तिथे ऑइलची मुदत कमी दिलेली असते. मुंबईतलं जवळजवळ सगळं ड्रायव्हिंग त्या पानावर बसतं.

पुणेरी_पाहुणा

ते पान वाचलं. ठीक आहे. पण मग तसं सांगा ना, पुस्तकात काहीही असो कशाला म्हणता.

आकडेमोड

दोघं कशासाठी भांडताय? धागाकर्त्याने १५ वर्षांत ७० हजार चालवली म्हणजे वर्षाला ५ हजारसुद्धा नाही. त्यांना वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच आहे, दोन्ही मतांनी उत्तर एकच.

जुना_जाणता

परळला बरीच वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. कमी चालणारी गाडी चांगली असते असं लोक धरून चालतात, मला त्या गाड्यांची जास्त धास्ती. पाच मिनिटांच्या फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही, आत साठलेला दमटपणा उडून जात नाही. गोरेगाव, एक काम करा, सकाळी थंड इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूने बघा. फिक्या कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर लगेच घाबरू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांच्या गाडीत तो येतो, एखाद्या रविवारी अर्धा-पाऊण तास सलग चालवली की जातो. मग डिपस्टिक काढून पुसून बघा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय, तेव्हा गाडी चालवतसुद्धा आणू नका.

आता तुमच्या एस्टिमेटबद्दल. इंजिन फ्लश नको, वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात धुण्यासारखं काही नसतं आणि न बदललेल्यात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसायचा. इंजेक्टर क्लीनिंग, गाडी आयडलला थरथरत असेल किंवा पिकअप गेला असेल तर, नाहीतर नको. थ्रॉटल बॉडी साफ करणं चांगलं पण छोटं काम आहे, कुठलाही बरा मेकॅनिक करतो. टेफ्लॉनने गाडी चकचकीत दिसते, पत्रा सडतो तो खालून आणि आतून, तिथे त्याचा उपयोग शून्य.

आणि यादीत काय नाही ते बघा. कूलंट नाही, ब्रेक ऑइल नाही, होज पाइप नाहीत. जुनी गाडी इंजिनाने सहसा मरत नाही, पाण्याने आणि रबराने मरते.

चाळकरी

काका, कूलंटचं जरा खुलासेवार सांगा ना. आमचा मेकॅनिक म्हणतो मुंबईत बर्फ पडतो काय, साधं पाणी घाला.

जुना_जाणता

बर्फाचा संबंधच नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलने पाणी उकळायचं तापमान वर जातं, हे एक. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि ती दोन-तीन वर्षांत संपतात, मग ते दिसायला रंगीत राहिलं तरी नुसतं पाणीच. नळाच्या पाण्याचे, त्यातून सोसायटीच्या बोअरिंगच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात. बाटली घेताना रंगावर जाऊ नका, वरचं वाचा. तयार मिश्रण असेल तर तसंच ओतायचं, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून.

अजून एक मुंबईतली जुनी खोड सांगतो. गाडी एकदा तापली की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकतात. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण मग इंजिन कायम थंड राहतं, थंड आहे म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतो, प्लग काळे. तापत होती ते रेडिएटर चोंदल्यामुळे किंवा पंखा वेळेवर लागत नसल्यामुळे, ते तसंच. चालू करून पाच-सात मिनिटांनी रेडिएटरच्या वरच्या होजला बाहेरून हात लावा. वॉल शाबूत असेल तर आधी बराच वेळ पाइप गार, मग एकदम गरम लागतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल नाहीच किंवा उघडा अडकलाय. हात पंख्यापासून लांब ठेवा.

आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. खंडाळा उतरताना सारखा पाय ब्रेकवर असला की ते तापमान गाठायला वेळ लागत नाही, आणि ऑइल उकळलं की पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, नुसतं टॉपअप नाही.

उगाच_एक

चिवडा बाजूला ठेवून खाली जाऊन होजला हात लावून आलो. वॉचमन विचारतोय साहेब गाडीला ताप आलाय का.

दादर_टीटी

पाण्याने मरते यावर जोरदार अनुमोदन. आमची गाडी पर्जन्यवृक्षाखाली उभी असते. दर पावसाळ्यात डावीकडच्या सीटखालचं कार्पेट ओलं, घाणेरडा कुबट वास, सेंटरवाले म्हणाले दरवाजाचं रबर बदला, बदललं, पुढच्या पावसात परत ओलं. शेवटी माटुंग्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी उचलली आणि आतून मूठमूठ कुजलेला पाला काढला, खालच्या थराची तर चक्क माती झालेली आणि तिच्यात एक रोप उगवलेलं. पाणी जायची भोकं बंद, मग ते ब्लोअरच्या वाटेने आत. दहा मिनिटांचं काम, त्याने चहाचे पैसे पण घेतले नाहीत.

तेव्हापासून मे महिन्यात मी स्वतः ती जाळी साफ करतो, आणि चारही दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात ती झाडूच्या काडीने मोकळी करतो. ती बुजली की दरवाजा आतून सडतो, बाहेर फुगा दिसतो तेव्हा पत्र्याचं काम झालेलं असतं.

खड्डेशास्त्री

कार्पेट ओलं दिसलं की बोटाला लावून वास घ्या. साधं पाणी असेल तर एक तर ही जाळी नाहीतर एसीचा ड्रेन पाइप. गोडसर वास आणि चिकट लागलं तर हीटरचा कोअर गळतोय, म्हणजे कूलंट. चाखू बिखू नका, विषारी असतं.

वर्सोवा_बीच

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तळाचं कोटिंग पावसाळ्याआधी करावं, मात्र आधी प्रेशरने धुऊन पूर्ण वाळवून. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर काळं मारलं की गंज आत सुखाने वाढतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाची गाडी वरून शोरूममधली वाटायची, रनिंग बोर्डवर जॅक लावला तर जॅक आत गेला.

चाळकरी

उंदरांचं कोणी बोलणार आहे का नाही? गणपतीचं वाहन माझ्या वाहनात राहतं. दोनदा वायरी कुरतडल्या. तंबाखूची पानं झाली, डांबर गोळ्या झाल्या, एक स्प्रे झाला. डांबर गोळ्यांचा वास एसीतून घरच्यांना लागला, उंदरांना नाही.

वर्सोवा_बीच

तंबाखूने आमच्याकडे फरक पडला बुवा, पण पान दर पंधरवड्याला बदलावं लागतं, वास उडतो.

उगाच_एक

उंदराला व्यसन लागेल अशाने.

जुना_जाणता

एअर इन्टेकला आणि ब्लोअरच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी मारून घ्या, गाडीत बिस्किटाचे पुडे ठेवू नका आणि कचऱ्याच्या डब्याजवळचं पार्किंग असेल तर सेक्रेटरीच्या मागे लागा. तरी आलेच तर आठवड्यातून दोनदा गाडी हलवणं हाच उपाय, उभ्या गाडीतच घर करतात.

सीएनजीवाला

एवढं कशाला, सीएनजी लावून टाका, पैसे वसूल.

आकडेमोड

वर्षाला पाच हजारवाल्याला किटचे पैसे वसूल व्हायला २०३० उजाडेल. डिक्की जाईल, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) मागे लागेल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

सीएनजीवाला

रोज चालवणाऱ्यांसाठी म्हणत होतो. माझी रोज पनवेल होते.

मुलुंडची_मी

इथेनॉलबद्दल काय? व्हॉट्सॲपवर रोज एक नवीन मेसेज येतो, की ई२० ने (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) जुन्या गाड्या खलास होणार.

आकडेमोड

खलास वगैरे नाही, पण फरक पडतो आणि तो मोजता येतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के ऊर्जा कमी झाली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट असंच दिलंय. म्हणजे १५ चा ॲव्हरेज १४ वर. कोणी सांगितलं १५ चा १० झाला, तर गाडीत दुसरं काहीतरी बिघडलंय.

खरा प्रश्न रबराचा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई२० ला चालणारं रबर-प्लास्टिक आहे, त्याआधीच्यांत असेलच असं नाही. म्हणून फ्युएल होज, ओ-रिंग, टाकीच्या झाकणाचं गॅस्केट दरवर्षी बघून घ्यायचं, कडक किंवा फुगलेलं वाटलं की बदलायचं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा महिनोन्महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नका.

खड्डेशास्त्री

+१. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका, एवढं एक सगळ्यांनी पाळा. जुन्या गाडीत पेट्रोलचा थोडा वास यायचाच असं काही नसतं.

घोडबंदरची_काकू

सगळं वाचलं, सगळे हुशार आहात, पण एकानेही एअरबॅगचं नाव काढलं नाही. बेल्ट बदला, कूलंट बदला, २०१० च्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग कुठून आणणार? २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि निदान ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती काही उगाच नाही. आईला घेऊन जाता ना गाडीतून? सुनेचं म्हणणं मला पटतं. (सून म्हणजे तुमची बायको, मला सगळ्या सुनाच.)

गोरेगाव_पूर्व

काकू, तुमचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, तिने तुम्हाला फराळाला बोलावलंय. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत हे खरंच आहे. पण आम्ही ही गाडी हायवेला जवळजवळ नेत नाही, गावाला ट्रेनने जातो. शहरात ३०-४० च्या वर वेग मिळतो कुठे.

घोडबंदरची_काकू

रात्री अकराला वेस्टर्न एक्सप्रेसवर मिळतो, आणि तेव्हाच ठोकतात. मागच्या सीटवर पण पट्टा लावायला लावा आईला. टायर तरी चांगले ठेवा, बाकी तुमची मर्जी.

जुना_जाणता

काकूंचं टायरचं बोलणं सोन्याचं आहे. टायरच्या बाजूला इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी भरपूर शिल्लक असते, माणूस निश्चिंत, आणि रबर मात्र दगड झालेलं, ओल्या रस्त्यावर पकडतच नाही. पाच-सहा वर्षांवर गेले की नक्षी असो नसो, बदला. स्टेपनीचाही नंबर बघा.

पुणेरी_पाहुणा

दिल्लीसारखं मुंबईत पंधरा वर्षांवर बंदी आली तर हा सगळा खर्च पाण्यात, याचा विचार कोणी केलाय?

आकडेमोड

दिल्लीचा १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोलचा नियम हरित लवाद आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशांमधून आलाय, तो एनसीआरपुरता, म्हणजे दिल्ली आणि आसपासचा पट्टा. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि कर, शिवाय पीयूसी. फी मात्र वाढवत नेतायत. पंधरा वर्षांवरच्या गाडीची ६०० ची ५,००० झाली २०२२ मध्ये, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००.

बाय द वे गोरेगाव, तुमची जानेवारी २०१० म्हणजे बीएस ३ (प्रदूषणाचं जुनं मानक), मुंबईत बीएस ४ एप्रिल २०१० पासून. म्हणजे पीयूसी दर सहा महिन्यांनी, वर्षाने नाही. आणि त्या पावत्या फेकू नका, त्यावर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा असतो. पास-नापास सोडा, आकडा दर खेपेला वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतंय, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, नाहीतर काकांनी सांगितलेला थर्मोस्टॅट. डायग्नोसिस जवळपास फुकटात.

काळीपिवळी

आमचे वडील टॅक्सी चालवायचे, पद्मिनी. कुर्ल्याला बनलेली गाडी, सगळे पार्ट सीएसटी रोडला मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती थांबली. बंद पडली म्हणून नाही, नियम म्हणून. टॅक्सीवाल्यांचं मेंटेनन्स काय होतं, रोज सकाळी बॉनेट उघडायचं, पाणी, ऑइल, हवा, आणि रात्रभर उभ्या गाडीखाली जमिनीवर डाग पडलाय का बघायचं. वडील डागाच्या रंगावरून सांगायचे काय गळतंय. काळा इंजिनाचा, लालसर असेल तर स्टेअरिंगचा नाहीतर गिअरचा, चाकाजवळ तेलकट पाण्यासारखा दिसला तर ब्रेक. फक्त साधं पाणी असेल तर एसी, पण पद्मिनीत एसी कुठला.

सव्वाआठची_लोकल

पद्मिनीच्या गिअरची दांडी स्टेअरिंगजवळ असायची ना? लहानपणी पुढच्या सीटवर आम्ही तिघं बसायचो.

काळीपिवळी

हो, आणि तिसऱ्याचा गुडघा दांडीला लागला की वडील न बोलता फक्त बघायचे.

दादर_टीटी

विम्याचं राहिलं. जुन्या गाडीला लोक नुसतं थर्ड पार्टी घेतात. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला पाण्यात बंद पडली तर सगळा खर्च खिशातून. त्यात बंद पडल्यावर परत स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी गेलं, तर फुल इन्शुरन्स असूनही इंजिनाचा वेगळा ॲड-ऑन नसेल तर कंपनी हात वर करते. बंद पडली की चावी काढा, ढकला, टो करा, स्टार्टरला हात नाही.

गोरेगाव_पूर्व

अपडेट. माळ्यावर चढलो. बेल्टचं बिल सापडलं, २०१७ चं. म्हणजे आठ वर्षं झाली. टायर बघितले, नक्षी मस्त, आणि नंबर ३८१७. स्टेपनी त्याहून जुनी. पीयूसीच्या चार पावत्या सापडल्या, सीओ दर खेपेला थोडा थोडा वर.

काल परळला जुना_जाणता काकांच्या मुलाकडेच घेऊन गेलो. होज सुरुवातीपासूनच कोमट होत गेला. वॉलचं घर उघडून बघितलं तर आत थर्मोस्टॅट नाहीच, नुसतं गॅस्केट. मग आठवलं, तीनेक वर्षांपूर्वी गाडी तापली होती तेव्हा आमच्या "मक्खन"वाल्याने पाचशे रुपयांत बरी करून दिली होती. कूलंट म्हणून जे निघालं ते चहाच्या रंगाचं. थोडक्यात फेकत दोघंही होते.

आता ठरलेलं काम असं: बेल्ट आणि टेन्शनर, थर्मोस्टॅट, रेडिएटर साफ करून नवं कूलंट, ब्रेक ऑइल, दोन होज, एक फ्युएल पाइप (कडक झालाय), पुढचे लोअर आर्म बुश आणि लिंक रॉड खड्ड्यांनी खाल्लेत ते, आणि पाच टायर. टायर सोडून सगळं त्या सेंटरच्या अठरा हजारांच्या आत बसतंय. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं आलं, इंजिनाबद्दल मक्खनवाला खरं बोलला म्हणायचा.

आकडेमोड

आता मेहुण्यासाठी हिशोब. विमा कंपन्यांच्या कोष्टकात पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी धरतात. आठ लाखाची घेतली तर चार लाख गेले, वर्षाला ८० हजार, व्याज आणि विमा वेगळा. जुनीवर वर्षाला २५ हजार घातले तरी हिशोब सुटतो. काकूंचा एअरबॅगचा मुद्दा या आकड्यात बसत नाही, तो तुमचा तुम्ही ठरवा.

गोरेगाव_पूर्व

बायकोशी तह झालाय. २०३० पर्यंत हीच, पण आई आणि मुलांना घेऊन शहराबाहेर जायचं तर भाड्याची गाडी, एअरबॅगवाली. मेहुण्याने अजून सही केलेली नाही.

घोडबंदरची_काकू

हे चालेल. फराळाला येते.

चाळकरी

थर्मोस्टॅट कुठून आणला? माझ्या एस्टिलोला पण हेच १०६१ इंजिन.

जुना_जाणता

ऑपेरा हाऊसच्या बाजारातून. जुना घेऊन जा किंवा इंजिन नंबर लिहून न्या, आणि खोक्यावरचं होलोग्राम, एमआरपी बघून घ्या, नकली माल भरपूर आहे. सीएसटी रोडचा काढीव माल दरवाजा, आरसा, दिव्याला ठीक. बेल्ट, ब्रेक, रबर तिथून कधीच नको.

मुलुंडची_मी

सँट्रोच्या बेल्टचं बिल सापडलं नाही. अहोंना विचारलं तर म्हणाले, कसला बेल्ट? सोमवारी गॅरेजला टाकतेय.

खड्डेशास्त्री

ताई, मधल्या रविवारी कर्जतला वगैरे निघू नका.

मुलुंडची_मी

कर्जतचंच ठरलंय हो. लोकलने जातो.